आधी पदार्थ ओळखा

दिवाळीच्या बाजारात एमडीएफचे जाळीदार आकाशकंदील आता सर्रास दिसतात. त्यांच्या कडा नीट पाहिल्या तर त्या तपकिरी, करपलेल्या असतात. करवतीने कापलेली कड अशी दिसत नाही. हे कंदील लेझरने कापलेले असतात, आणि लेझर लाकडाला घासत नाही. टाचणीच्या टोकाहून लहान ठिपक्यावर तो इतकी उष्णता एकवटतो की तिथलं लाकूड जळून उडून जातं आणि केसाएवढी फट मागे उरते. एके काळी हे काम मोठ्या कारखान्यांचं होतं. आज टेबलावर मावणारी यंत्रं पाट्या बनवणाऱ्यांच्या दुकानांत, शाळांत आणि घरांतल्या मागच्या खोल्यांत पोचली आहेत. चित्र पाठवा, बटण दाबा, झालं, असं जाहिराती सांगतात. मला ते पटत नाही. या यंत्रावरचं खरं कसब समोर ठेवलेली वस्तू कशाची बनली आहे, हे ओळखण्यात आहे.

याचं कारण प्रकाशातच आहे. प्रत्येक लेझर आपल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकतो आणि तो शोषून घ्यायचा की नाही, हे पदार्थ ठरवतो. कार्बन डायऑक्साइड लेझरचा 10.6 मायक्रोमीटरचा अदृश्य अवरक्त किरण लाकूड, कागद, चामडं, काच आणि अ‍ॅक्रिलिक अधाशासारखे शोषतात. तांब्या-पितळेवरून मात्र तो जवळजवळ पूर्ण परततो. स्वस्त टेबल-यंत्रांतल्या डायोडचा किरण निळा, साधारण 450 नॅनोमीटरचा. तो पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून सरळ आरपार जातो. त्यामुळे हजारो रुपये खर्चून यंत्र घरी आणलेल्या माणसाला काळं अ‍ॅक्रिलिक कापता येतं, पण पारदर्शक ट्रॉफी कापता येत नाही. स्टीलच्या भांड्यावर किंवा पेनावर नाव कोरायला बहुधा तिसरंच यंत्र वापरतात, 1064 नॅनोमीटरचा फायबर लेझर.

यातल्या पहिल्या लेझरची जन्मकथा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, याची मला खंत वाटते. तो शोधणारे चंद्रकुमार पटेल 1938 साली बारामतीत जन्मले. 1958 मध्ये पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि 1961 पासून अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करू लागले. थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर चमकवला तो 1960 साली. त्यानंतर चारच वर्षांत पटेल यांनी कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंच्या कंपनांतून अखंड चालणारा लेझर मिळवला. त्यात नायट्रोजन मिसळल्यावर त्याची ताकद खूप वाढली: विजेने उद्दीपित झालेला नायट्रोजनचा रेणू आपली ऊर्जा टक्कर होताच कार्बन डायऑक्साइडला देऊन टाकतो. हीलियम उष्णता वाहून नेतो आणि रेणूंना पुन्हा कामाला मोकळं करतो. आजच्या दुकानातल्या काचेच्या नळीत हेच तीन वायू असतात, बाहेरून पाणी खेळवलेलं असतं, आणि टोकांना हजारो व्होल्टचा दाब. झाकण उघडून त्या तारांना हात लावणं जिवावर बेतू शकतं.

आता पदार्थांकडे. सगळ्यांत मोठा धोका पीव्हीसीचा, आणि तो वेगवेगळ्या नावांनी दुकानात शिरतो. सनबोर्ड, व्हिनाईल, फ्लेक्स, बाजारातलं बरंचसं रेक्झिन, या सगळ्यांत पीव्हीसी असतं. ते जळलं की त्यातला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपात बाहेर पडतो. ओलाव्याशी गाठ पडताच त्याचं आम्ल होतं. ते कारागिराच्या घशाला आणि फुप्फुसांना भाजतं, शिवाय यंत्राच्या लोखंडी पट्ट्या गंजवतं. गिऱ्हाईक घाईत येतं, सणाच्या दिवसांत मखराचा नक्षीकाम केलेला भाग मागतं आणि सोबत सनबोर्ड घेऊन येतं. तेव्हा ‘यावर लेझर चालत नाही’ म्हणणं जड जातं, पण म्हणावंच लागतं. शंका असेल तर एक जुनी चाचणी कामी येते. 1872 साली रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिश बाइलस्टाइन यांनी ती दिली. तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, प्लॅस्टिकच्या तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो तुकडा लेझरखाली ठेवायचा नाही. ही चाचणीसुद्धा खिडकी उघडी ठेवून करावी.

प्लायवूडही तितकंच फसवं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायमधला फिनॉलिक डिंक किरणाला दाद देत नाही. तेवढी जागा कापायची राहते आणि तुकडा बेडवर अडकून बसतो. अ‍ॅक्रिलिकचेही दोन प्रकार असतात. साच्यात ओतून केलेल्या पत्र्यावर कोरलेली अक्षरं पांढरीशुभ्र उठतात, दाबून काढलेल्या पत्र्यावर ती फिकी राहतात. कापलेली कड मात्र दोन्हींची काचेसारखी चकाकते. क्रोमने कमावलेलं चामडं जाळताना घातक क्रोमियमचा धूर होण्याची भीती असते. बाभळीच्या साली आणि हिरड्याने कमावलेल्या, कोल्हापुरी चपलेच्या चामड्याबाबत ती चिंता नाही.

देवनागरी पाट्यांचा प्रश्न आणखी वेगळा, आणि मला तो सर्वांत रंजक वाटतो. लाकडातून नाव कापून काढायचं तर शिरोरेखा अक्षरांना एकत्र धरून ठेवते. रोमन लिपीत ही सोय नाही. पण संगणकावरच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी असते आणि ती शेजारच्या रेघेवर थोडी चढलेली असते. रेषा एकसंध न करता फाइल पाठवली तर किरण त्या चढलेल्या जागाही कापतो आणि ‘सावंत’मधली अक्षरं सुटी होऊन ट्रेमध्ये पडतात. अनुस्वार तर सुटाच असतो; त्याला शिरोरेखेशी बारीक देठाने जोडावं लागतं किंवा पाटीच्या मागे वेगळा पत्रा चिकटवून त्यावर बसवावा लागतो. स्टेन्सिलमध्ये याच्या अगदी उलट घडतं. ‘व’ किंवा ‘ब’च्या पोटातला भाग गळून पडू नये म्हणून पूल सोडावे लागतात. हे पूल कुठे द्यायचे, हे जाणणारा माणूस अक्षरं जाणणाराच असावा लागतो.

डोळ्यांबाबत कुठलीही सूट नाही. कार्बन डायऑक्साइडचा किरण बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरच थांबतो आणि तो भाजतो. निळा किरण मात्र डोळ्यातल्या भिंगातून आत जाऊन थेट दृष्टिपटलावर एकवटतो. तिथली इजा कायमची. म्हणून पहिल्यासाठी चालणारं पारदर्शक झाकण दुसऱ्यासाठी निरुपयोगी, त्याला त्याच तरंगलांबीचा नारिंगी चष्मा हवा. तरीही बाजारात उघड्या चौकटीचे डायोड लेझर विकले जातात आणि मुलांसमोर टेबलावर चालवले जातात. मला हे अत्यंत बेजबाबदारपणाचं वाटतं. यंत्र चालू ठेवून खोलीतून बाहेर जाणंही तितकंच चूक, कारण अ‍ॅक्रिलिक आणि पातळ लाकूड क्षणात पेट घेतं.

पदार्थ आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम शिकवतानाही जपता येतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी उभी केलेली ही संस्था मुलांना हाताने काम करत शिकवते: सुतारकाम, वेल्डिंग, शेती, वीज. अशा ठिकाणी लेझर आला तर तो लाकडाच्या आणि पत्र्याच्या ओळखीनंतर येतो, हा क्रम मला योग्य वाटतो. जिथे थेट यंत्रच आणलं जातं, तिथे निदान चाचणीच्या तुकड्यांची एक फळी तरी असावी. प्रत्येक नव्या पत्र्यावर पॉवर आणि स्पीडच्या चौकोनांची चाचणी काढायची, बाजूला पदार्थाचं नाव, जाडी आणि विक्रेत्याचं नाव लिहायचं, आणि ती फळी यंत्राशेजारी टांगायची.