धूर काय सांगतो?

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असून, खरिपात सोयाबीन व तूर ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. मृगाचा पाऊस पडून गेला, की काही दिवसांनी जमिनीला वाफसा येतो. म्हणजे माती फार ओली नाही व फार कोरडीही नाही, अशी पेरणीस योग्य अवस्था येते. वाफसा कोणासाठी थांबत नाही. नेमक्या अशा वेळी एखाद्या शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर पांढरा धूर सोडू लागला आणि रेडिएटरातील पाणी रोज कमी होऊ लागले, तर त्याच्यापुढे मोठा पेच पडतो. इंजिन उघडावे, तर खर्च होतो व पेरणीचे दिवस जातात. तसेच चालवावे, तर इंजिन कायमचे निकामी होण्याची भीती असते. अशा वेळी दोष कोठे आहे, हे आधी कळले पाहिजे.

त्यासाठी इंजिनाची रचना थोडी समजून घ्यावी लागते. ट्रॅक्टराचे इंजिन बहुधा डीझेलवर चालते. रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन अभियंत्याने १८९७ साली अशा प्रकारचे इंजिन यशस्वी रीतीने चालवून दाखविले. ह्या इंजिनाच्या नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरात, एक दट्ट्या खालीवर होत असतो. तो हवा इतकी दाबतो, की ती मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्शात मावते. त्यामुळे हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा तापलेल्या हवेत नोझलमधून डीझेलचा सूक्ष्म फवारा सुटताच ठिणगीवाचून तो पेट घेतो आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो.

ह्या उष्णतेने सिलिंडर जळून जाऊ नये, म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळविलेले असते. हे तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने रेडिएटरात जाते, पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात येते. दट्ट्या घासू नये, म्हणून त्याला तेलाचे वंगण मिळते. अशा रीतीने आग, पाणी आणि तेल ही तिन्ही इंजिनात अगदी शेजारी शेजारी नांदतात. मात्र एकाने दुसऱ्याच्या घरात शिरावयाचे नसते. इंजिनाचा ठोकळा व त्यावरील झाकण, म्हणजे हेड, ह्यांच्यामध्ये एक पातळ पत्रा बसविलेला असतो. त्यास हेड गॅस्केट म्हणतात. ह्या तिघांना वेगळे ठेवण्याचे काम मुख्यतः तोच करतो.

धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा रंग ही आतल्या घडामोडींची पहिली खूण होय. धूर काळा असेल, तर डीझेलला पुरेशी हवा मिळत नाही, किंवा डीझेल गरजेपेक्षा अधिक येत आहे, असे समजावे. पुष्कळदा हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरमध्ये शेतातील धूळ साचलेली असते आणि तो साफ करताच काळा धूर कमी होतो. धूर निळसर असेल, तर वंगणाचे तेल जळत आहे. दट्ट्याच्या कड्या झिजल्या म्हणजे असे घडते. पांढरा धूर मात्र फसवा असतो. तो न जळलेल्या डीझेलचा असू शकतो किंवा पाण्याच्या वाफेचाही असू शकतो. हिवाळ्याच्या सकाळी इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर निघाला आणि काही मिनिटांत थांबला, तर त्यात काळजीचे कारण नाही. इंजिन पुरते तापल्यावरही तो निघतच राहिला, तर शोध घेतला पाहिजे.

जाणता मिस्त्री येथे एक साधा उपाय करतो. धुराड्यापासून काही अंतरावर तो एक स्वच्छ पुठ्ठा धरतो. पुठ्ठ्यावर पडलेले डाग वाळून नाहीसे झाले, तर ते पाण्याचे. तेलकट राहिले व त्यांना डीझेलचा उग्र वास आला, तर ते डीझेलचे. डाग डीझेलचे ठरल्यास नोझल अथवा डीझेल पंप तपासावा लागतो. मग हेड उघडण्याची घाई करण्याचे कारण उरत नाही.

डाग पाण्याचे निघाले, तरी तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. रेडिएटरातील पाणी दुसऱ्या वाटेनेही जाते. रबरी नळी चिरलेली असते, पंप गळत असतो, किंवा सोयाबीनच्या मळणीत उडालेला भुसा रेडिएटरच्या जाळीत अडकून पाणी उकळते व उतू जाते. म्हणून प्रथम बाहेरची गळती पाहावी. जेथे पाणी झिरपते, तेथे क्षारांचा पांढुरका किंवा गंजाचा तांबूस थर धरलेला आढळतो.

बाहेर कोठेच गळती नसेल, तर आणखी दोन गोष्टी पाहतात. रात्रभर निवलेल्या इंजिनाचे रेडिएटर उघडून इंजिन सुरू केले आणि पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरातील वायू पाण्यात शिरत आहे. तेल मोजण्याच्या पट्टीवर दुधाळ चहासारखे तेल दिसले, तर पाणी तेलात मिसळले आहे. पाणी घटणे, तापल्यावरही वाफ निघणे आणि ह्या दोहोंपैकी एखादी खूण, असे एकत्र आढळले, तर गॅस्केट फाटले आहे, हेड तडकले आहे किंवा सिलिंडराचे अस्तर गळत आहे, असा तर्क करता येतो. मग मात्र ट्रॅक्टर चालवू नये. पाणी मिसळलेले तेल वंगणाचे काम करीत नाही. शिवाय हवा दाबली जाते, तसे पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी साचले, तर दट्ट्याचा दांडा वाकतो.

ह्या तपासणीत काही पथ्ये पाळावयाची असतात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील दाब एकदम कमी होऊन उकळते पाणी अंगावर उसळते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास त्याचे बीड तडकते. पाण्यात मिसळावयाचे कूलंट बहुधा विषारी व चवीला गोड असते. सांडलेले कूलंट गुरांच्या तोंडी लागू देऊ नये. मुलांनी अशी तपासणी दुरून पाहावी, स्वतः करू नये.

वैद्य केवळ कपाळ तापले म्हणून औषध देत नाही. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो. मिस्त्रीचेही तसेच आहे. धूर ही एक साक्ष आहे, निवाडा नव्हे. आधी बिनखर्चाची परीक्षा, मग थोड्या खर्चाची आणि सर्वांत शेवटी इंजिन उघडणे, हा क्रम जो पाळतो, तो पुष्कळदा एका रबरी नळीच्या किमतीत आपला वाफसा वाचवितो. आणि इंजिन उघडणे खरोखरच आवश्यक असते, तेव्हा ते वेळीच उघडून आपले इंजिनही वाचवितो.