दुकानात वाजतं, स्टेजवर बसतं

एप्रिल उजाडला की हदगावातल्या ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. 14 एप्रिलची जयंती, मग बुद्धपौर्णिमा, मध्ये लग्नसराई. गायन पार्ट्या, ऑर्केस्ट्रा, बँडवाले, भजनी मंडळं, सगळ्यांची मशीनं एकदमच आजारी पडतात. नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे विदर्भ. दोन्हीकडच्या पार्ट्या इथं उतरतात. गायकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही त्यांच्या आवाजाच्या पेट्यांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं म्हणून मी इथं आलो.

मिस्त्रींनी नाव छापायला साफ नकार दिला. "नाव छापलं की गर्दी वाढती, अन् गर्दी वाढली की काम बिघडतं." नांदेडच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचं काम शिकलेला हा माणूस. दुकान पत्र्याचं, टेबल जुन्या दरवाजाच्या फळीचं. त्यावर सोल्डरिंगची बंदूक, रोझिनची डबी, मल्टिमीटर आणि बांबूची एक बारीक कामटी. भिंतीला एक लाकडी बोर्ड, त्यावर होल्डरमध्ये 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब. मांडणीवर दिल्लीच्या अहुजा कंपनीची जुनी धुडं. देवळातल्या भोंग्यापासून निवडणुकीच्या जीपपर्यंत सगळीकडे बोललेली. मला मात्र गुंतवून ठेवलं ते कोपऱ्यातल्या एका बेस गिटारच्या ॲम्पनं.

बेस गिटार आणि दुरुस्तीचं दुकान यांचं नातं जुनं आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी 1938 च्या सुमारास लिओ फेंडर नावाच्या माणसानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यानंच 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बेसमन हा ॲम्प्लिफायर. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! आपल्याकडे हा आवाज घरोघरी पोचला तो हिंदी सिनेमातून. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ यांनी वाजवलेली बेस नकळत सगळ्यांच्या कानांत आहे. छोट्या पार्ट्यांत आजकाल कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेसचं काम उरकतो. तरीही काही पार्ट्या हट्टानं बेसवाला ठेवतात. कव्वालीचा दुरंगी सामना असेल, तर खालचा स्वर छातीत लागल्याशिवाय लोक हलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

तर तो ॲम्प. 100 वॅटचा, सेकंडहँड घेतलेला. मालक पंचविशीतला पोरगा. त्याची तक्रार अशी : "मामा, घरी चांगलं चालायलंय. स्टेजवर चार गाणी झाली की बसतंय. वरून थाप मारली की परत येतंय."

मामांनी, म्हणजे मिस्त्रींनी, पेचकस उचललाच नाही. आधी उलटतपासणी. "गेला तो एकदम गेला का विझत गेला? समोरचा दिवा लागलेला व्हता का? स्पीकरमधली सूं-सूं ऱ्हायली का ती बी गेली?" हा शेवटचा प्रश्न मला उगाच वाटला होता, तोच कळीचा निघाला. गिटारचा आवाज गेला पण स्पीकरमध्ये बारीक सूं-सूं उरली, तर मागचा पॉवरचा भाग जिवंत आहे आणि बिघाड त्याच्या अलीकडे आहे. सूं-सूंही गेली, तर पॉवर सप्लाय, आउटपुट किंवा स्पीकरची वायर. एका प्रश्नात अर्धं मशीन निर्दोष सुटतं.

पोराला आठवेना. मग मामांनी स्वतःची खात्रीची केबल लावली, गिटारमधली 9 व्होल्टची बॅटरी मोजली, जॅक हलवून पाहिला आणि पोराला म्हणाले, वाजव. पोरगा वाजवत बसला, मामा दुसऱ्याचा मिक्सर उघडून बसले. बऱ्याच वेळानं आवाज तुटला. मामा उठले, स्पीकरला कान लावला. सूं-सूं होती. मागच्या बाजूला सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतात, इफेक्टचं यंत्र मधे जोडायला. मामांनी वीतभर केबल घेऊन ती दोन्ही भोकं एकमेकांना जोडली आणि आवाज परत आला.

कारण साधं आहे. त्या भोकांत काही खुपसलेलं नसतं तेव्हा आतली पितळी पट्टी सिग्नल पुढं ढकलते. बहुतेक बेसवाले ही भोकं जन्मभर वापरत नाहीत. पट्टीवर धूळ बसते, ती काळी पडते, संपर्क कधी लागतो कधी सुटतो. थाप मारली की लागतो. अशा बिघाडापायी लोक ट्रान्झिस्टर बदलून बसतात.

मी वही मिटायला निघालो होतो. मामांनी थांबवलं. "आता खालची तार जोरात हाण." ई तारेचा मोकळा स्वर सेकंदाला जेमतेम 41 कंपनांचा. फळी थरथरली, स्क्रू नाचले आणि ॲम्प घोंघावायला लागला. मामांनी पोराला विचारलं, हे घोंघावणं कोणत्या तारेशी जुळतंय बघ. पोरानं जी तार मोकळी छेडली. "हिच्याशी. जरासं चढं हाय."

हे निदान मला फार आवडलं. बेसची मोकळी जी तार 98 कंपनांची. आपल्या विजेची वारंवारता 50. रेक्टिफायरमधून निघाली की तिची होते 100. म्हणजे जी पेक्षा किंचित चढी गुणगुण ऐकू आली, तर दोष फिल्टर कॅपॅसिटरच्या बाजूला. गुणगुण सप्तकभर खाली, 50 ला असेल, तर अर्थिंग किंवा केबलची जाळी तपासायची. मामांना आकड्यांशी देणंघेणं नाही, "जाड गुणगुण का बारीक" एवढीच त्यांची भाषा, पण उत्तर ऑसिलोस्कोप देईल तेच.

मग ॲम्प उघडला. पिन काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठून असते. ती रेझिस्टर लावून उतरवली, मीटरवर शून्य पाहिलं, तपासणीपुरती पिन लावली आणि कामटीनं एकेक भाग हळूच दाबत गेले. अंगठ्याएवढ्या जाड कॅपॅसिटरला कामटी लागली आणि स्पीकर गुरगुरला. पिन काढून, वीज पुन्हा उतरवून बोर्ड उलटा केला. भिंगातून मलाही दाखवलं : कॅपॅसिटरच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर. वजनदार भाग उभा, खाली स्पीकर हादरतोय, वर्षानुवर्षं, सांधा सुटणारच. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं भरलं, बुडाशी सिलिकॉनचा थर दिला. दोन बिघाड एकाच मशीनमध्ये, आणि एक सापडला की दुसरा झाकला जातो.

शेवटी भिंतीवरचा बल्ब. दुरुस्त मशीन मामा कधीच थेट विजेवर लावत नाहीत. बल्बमधून, सिरीजमध्ये लावतात. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर सगळं ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. पण बल्ब अर्ध्या अँपिअरहून कमीच करंट जाऊ देतो, त्यामुळे काही जळत नाही. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, म्हणून निरोगी मशीनला तो फारसा अडवत नाही आणि बिघडलेल्याला लगेच अडवतो. एलईडीला हे जमत नाही. 2015 पासून सरकारी योजनेतून घरोघर एलईडी आले. विजेची बचत झाली हे खरंच, पण तारेचा 100 वॅटचा बल्ब दुकानात मागितला की हसतात. मामांनी खोक्यात जपून ठेवलेत. केळीच्या घडासारखे भुश्श्यात गुंडाळलेले.

बल्बचं दुखणं लहान. मोठी दुखणी मंडपात आहेत. संध्याकाळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. 230 व्होल्टचं मशीन त्याहून फार कमीवर आलं की आतले रेग्युलेटर हात टेकतात आणि गुणगुण सुरू होते. दुकानात काहीच सापडत नाही, कारण दुकानात दुपारची वीज असते. तात्पुरत्या वायरिंगमध्ये न्यूट्रल सुटला तर उलटंच होतं : व्होल्टेज 400 च्या दिशेनं चढतं आणि सगळंच जळतं. उन्हाळा वेगळाच. इलेक्ट्रोलाइटिक कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. पत्र्याखाली मे महिन्यात उभ्या टेम्पोत ठेवलेल्या ॲम्पचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

मामा चिडतात ते एकाच गोष्टीवर. गुणगुण जावी म्हणून लोक प्लगची अर्थ पिन कापतात. गुणगुण जाते. पण आतली वायर पेटीला टेकली तर गिटारच्या तारांत वीज उतरते, आणि वाजवणाऱ्याचे ओठ असतात माइकला. कापलेल्या पिनचं मशीन आलं की मामा आधी प्लग बदलतात, मगच हात लावतात. त्याचे पैसे घेत नाहीत.

सुट्या भागांचंही रडगाणं आहेच. 2एन3055 हा जुन्या मशीनमधला टोपीवाला ट्रान्झिस्टर. अस्सल असेल तर 15 अँपिअर पेलतो. नकली मालाच्या टोपीत इवलासा तुकडा असतो, पहिल्याच कार्यक्रमात उडतो. खात्रीच्या मालासाठी हैदराबादचं कोठी किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. नवे क्लास-डी ॲम्प तर पाचशे वॅटचे असून एका हातात उचलता येतात. आतले भाग तांदळाच्या दाण्याहून बारीक, सर्किटचा नकाशा मिळत नाही. सेवा केंद्र अख्खं कार्ड बदलायला सांगतं आणि कार्डाची किंमत ऐकून पार्टीवाला ॲम्प घरी नेऊन ठेवतो. मामांच्या हाताखाली सध्या कुणी शिकाऊ नाही. मोबाइल दुरुस्तीत पैसा लवकर सुटतो, पोरं तिकडं जातात, आणि त्यात त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. पण सोल्डरमधली चीर शोधायला तासभर कुणी बसणार नसेल, तर हदगाव परिसरातली निम्मी मशीनं भंगारात जातील, आणि त्यांतली कित्येक तर चालू असतील.

पार्टीवाल्यांना एवढंच सांगणं : मशीन जयंतीच्या आदल्या रात्री नका आणू, मार्चमध्ये आणा. एकटं आणू नका. स्वतःची गिटार, केबल आणि एक्स्टेंशन बोर्डही सोबत आणा. आणि पुढच्या वेळी आवाज गेला की थाप मारण्याआधी स्पीकरला कान लावा, सूं-सूं येते का ते ऐका, आणि मिस्त्रीला सांगा.