हिवाळ्यातील सुरक्षित वाहनचालन आणि दृष्टिक्षमता

प्रस्तावना :
मराठवाड्यात हिवाळा हा प्रवासासाठी सुखद ऋतू मानला जातो. वाहनचालकाच्या डोळ्यांसाठी मात्र तो कसोटीचा काळ असतो. छत्रपती संभाजीनगर येथे जूनअखेर सूर्य सायंकाळी सातनंतर मावळतो, तर डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास. परिणामी कन्नड, पैठण, वैजापूर, सिल्लोड येथील महाविद्यालयांत दररोज ये-जा करणाऱ्या प्राध्यापकांचा परतीचा प्रवास उन्हाळ्यात उजेडात, तर हिवाळ्यात संधिप्रकाशात किंवा अंधारात होतो. प्रस्तुत लेखात या बदलाचा दृष्टिक्षमतेच्या अनुषंगाने विचार केला आहे.

कायदेशीर निकष व त्याची मर्यादा :
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ नुसार अर्जदाराने चांगल्या दिवसाच्या प्रकाशात, आवश्यक असल्यास चष्मा लावून, २५ मीटर अंतरावरील मोटारीची क्रमांकपट्टी ओळखता येते का, हे स्वतः घोषित करावयाचे असते. हा निकष उपयुक्त असला तरी पुरेसा नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर त्यातच संपतात. कोरड्या रस्त्यावर वाहन थांबण्यास आणखी २० ते २५ मीटर लागतात. म्हणजेच अडथळा किमान ५० मीटरवरून, तोही अपुऱ्या प्रकाशात दिसणे आवश्यक ठरते.

डोळ्यांचे कार्य :
दृष्टिपटलातील शंकुपेशी भरपूर प्रकाशात, तर दंडपेशी मंद प्रकाशात कार्य करतात. अंधाराशी पूर्णपणे जुळवून घेण्यास डोळ्यांना सुमारे अर्धा तास लागतो. समोरील वाहनाच्या प्रखर दिव्याने ही जुळवणी क्षणात बिघडते. वाढत्या वयात बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही व नेत्रभिंग गढूळ होऊ लागते. मोतीबिंदूच्या प्रारंभी प्रकाश विखुरल्याने डोळे दिपतात. काचबिंदूत बाजूची दृष्टी नकळत घटते. मधुमेहामुळे दृष्टिपटलास इजा होऊ शकते. अशा व्यक्तीस तक्त्यावरील काळी अक्षरे स्पष्ट वाचता येतात. परंतु राखाडी धुक्यातील राखाडी ट्रॉली वेळेत दिसेलच असे नाही.

स्थानिक परिस्थिती :
कन्नड व चाळीसगाव यांच्या दरम्यानच्या औट्रम घाटात पहाटे धुके आढळते. गळीत हंगामात पैठण, गंगापूर परिसरातील रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री धावतात; मागे परावर्तक नसल्यास त्या अगदी जवळ आल्यावरच दिसतात. शेंद्रा औद्योगिक वसाहत शहराच्या पूर्वेस असल्याने जालना रस्त्याने सकाळी तिकडे जाताना व सायंकाळी परतताना कललेला सूर्य थेट डोळ्यांसमोर येतो.

उपाययोजना :
१. चाळिशीनंतर तसेच मधुमेह असल्यास नियमितपणे नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करावी. रात्री दिपण्याचा त्रास आवर्जून सांगावा.
२. चष्म्याचा क्रमांक अद्ययावत ठेवावा. रात्री रंगीत काचांचा चष्मा वापरू नये. त्यामुळे डोळ्यांत पोहोचणारा प्रकाश घटतो.
३. वाहनाची काच, हेल्मेटची काच व दिवे स्वच्छ ठेवावेत.
४. धुक्यात दिव्यांचा झोत खाली ठेवावा. वरचा झोत धुक्यातील जलकणांवरून परावर्तित होऊन डोळ्यांवरच येतो.
५. जेवढे अंतर स्पष्ट दिसते, तेवढ्या अंतरात वाहन थांबेल इतकाच वेग ठेवावा.

समारोप :
परवान्यासाठी प्रथमच अर्ज करणारे अनेक तरुण महाविद्यालयांतच शिकत असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून हिवाळ्यापूर्वी विद्यार्थी, प्राध्यापक व कर्मचारी यांची नेत्रतपासणी घेणे अल्प खर्चात शक्य आहे. दिवसाच्या उजेडात उत्तीर्ण झालेली दृष्टी डिसेंबरच्या सायंकाळी पुरेशी ठरेलच असे नाही. ही जाणीव चालकास होणे, हीच सुरक्षित वाहनचालनाची पहिली पायरी होय.