अधिष्ठाता बदलतात, रीत टिकते का?

अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली सुरू झाले. वैद्यकीय शिक्षण मोठ्या शहरांपुरते असण्याच्या काळात ते तालुक्याच्या गावी आणण्याचा हा प्रयोग होता. डॉ. व्यंकटराव डावळे यांचे नाव त्याच्या उभारणीशी निगडित आहे. एका व्यक्तीच्या ध्यासातून संस्था उभी राहते हे खरे. परंतु ती चालते पदे, नियम व नोंदी यांच्या आधारे.

अधिष्ठाता हे महाविद्यालयाचे व संलग्न रुग्णालयाचे प्रमुख असले, तरी त्यांच्या अधिकारास मर्यादा आहेत. पदांची मंजुरी व अध्यापकांच्या बदल्या शासनाकडे, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, तर शिक्षणाचे निकष २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे. शिवाय बीडचे जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे आणि अंबाजोगाईचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. प्रमुखांच्या हाती उरते ते दैनंदिन कामकाज : बाह्यरुग्ण विभागाची शिस्त, औषधभांडाराची व्यवस्था, रुग्णनोंदी. रुग्णाचा संबंध मात्र नेमका यांच्याशीच येतो. चांगली पद्धत लेखी रूपात कार्यालयात रुजली, तर बदलीनंतरही टिकते. अन्यथा ती प्रमुखांबरोबरच जाते.

आपल्या आयुर्वेद महाविद्यालयांनाही हेच लागू आहे. ११ जून २०२१ रोजी केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या जागी राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आला. आयुर्वेदाचे शिक्षण, संस्थांचे मूल्यमापन आणि नीती व नोंदणी ही कामे स्वतंत्र मंडळांकडे गेली. तथापि कायदा दिल्लीत बदलला म्हणून आंतररुग्ण विभागातील केसपेपर आपोआप सुधारत नाही. ते काम प्राचार्य व विभागप्रमुखांचेच.

यात आपला वाटा कोणता? गंभीर रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठविताना आपण बहुधा तोंडी निरोप देतो. रुग्णाने कोणते रसौषध, किती मात्रेत व किती दिवस घेतले, हे तेथील डॉक्टरांना कळत नाही आणि त्याचे मोल रुग्णास द्यावे लागते. वैद्यांनी सर्व तपशील लिहून सोबत चिठ्ठी द्यावी. औषधविक्रेत्यांनी बिलावर उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक लिहावा. उलट चिठ्ठी मिळावी, अशी लेखी विनंती संघटनेने अधिष्ठात्यांना करावी आणि नवे अधिष्ठाता रुजू होताच ती पुन्हा सादर करावी.

मोठ्या संस्थांत बदल व्हावा, ही अपेक्षा रास्तच आहे. त्याचा आरंभ आपण आपल्या चिठ्ठीपासून करू या.