पत आणि प्रतिष्ठा

यवतमाळ जिल्ह्यातील बाजारपेठ कापसाच्या भरवशावर उभी आहे. जूनमध्ये बी-बियाणे आणि खत उधारीने जाते, लगीनसराईत बस्ताही उधारीनेच बांधला जातो. दिवाळीच्या सुमारास वेचणीचा कापूस बाजारात आला की खाती मिटू लागतात. पावसाने दगा दिला, दुबार पेरणी करावी लागली किंवा भाव कोसळला, तर ही साखळी तुटते. व्यापाऱ्याच्या वहीत त्यामुळे एक रक्कम येणे राहते. शेतकऱ्याच्या घरातून मात्र त्याच दिवशी पत निघून जाते.

पत जाणे म्हणजे काय, हे चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या कहाणीत दिसते. महागाव तालुक्यातील या गावाचे ते सरपंच होते आणि त्यांना संगीताची आवड होती. नापिकी आणि थकबाकीने ग्रासलेल्या या गृहस्थांनी १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळील दत्तपूर येथे पत्नी व चार मुलांसह जीवन संपवले. ज्याच्या शब्दाला गावात मान होता, त्यालाच अपयश अधिक जड गेले असावे. २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला त्यांच्या स्मरणार्थ अनेक जण अन्नत्याग करतात.

अशा घरात मागे राहणाऱ्या स्त्रीची परीक्षा त्यानंतर सुरू होते. शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, परतफेडीचा तगादा होता की नाही, हे सारे तपासले जाते. नियम आवश्यकच असतात. परंतु ‘अपात्र’ हा शेरा त्या घराला मृत्यूनंतरचा आणखी एक नकार वाटतो.

कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशालीताई येडे यांच्यावर २०११ मध्ये हा प्रसंग ओढवला. दोन मुलांना घेऊन त्या उभ्या राहिल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी काम केले. श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात त्या रंगमंचावर आल्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्याने वाद पेटला होता. त्या संमेलनाचे उद्घाटन वैशालीताईंच्या हस्ते झाले आणि मागे राहिलेल्या बाईची बाजू त्यांनी त्या व्यासपीठावरून मांडली. त्याच वर्षी त्यांनी यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेची निवडणूक लढवली. त्यात त्या पराभूत झाल्या. पण हे अपयश त्यांनी चारचौघांत, ताठ मानेने स्वीकारले.

सगळ्यांच्या वाट्याला व्यासपीठ येत नाही. जिल्ह्यातील कितीतरी स्त्रियांचे गेलेल्या माणसावरील प्रेम रोजच्या कामातच व्यक्त होते. तलाठ्याकडे खेटे घालून सातबाऱ्यावर वारस नोंद करून घेणे, मुलांची फी भरणे, त्याच्या नावाची उधारी थोडी थोडी करून फेडणे, हीच त्यांची श्रद्धांजली असते.

ही उधारी जिथे फेडली जाते, ती पेढी व्यापारी कुटुंबांची आहे. येणे मागण्याचा व्यापाऱ्याला अधिकार आहे. कसे मागायचे, हा मात्र त्याच्या संस्कारांचा प्रश्न आहे. तेरवी व्हायच्या आत वसुलीचा निरोप धाडू नये. चार गिऱ्हाइकांसमोर बाकीचा आकडा उच्चारू नये. कापूस विकल्यानंतरचा हप्ता बांधून द्यावा, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती तिच्या हाती ठेवावी. पुढील हंगामात ती बियाण्यासाठी आली, तर ‘अमक्याची बायको’ म्हणून न लिहिता तिच्या स्वतःच्या नावाने खाते उघडावे. एवढे केल्याने पेढीचे नुकसान होत नाही, आणि गेलेली पत परत मिळवण्याची वाट एका घरासाठी खुली होते.