लांबून गेलं की लवकर पोचतं

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती? भिंतीवरच्या नकाशावर मोजायला जाल तर फसाल. त्यापेक्षा शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा दिल्लीहून थेट उत्तरेच्या रोखानं चढतो; हिमालय, सायबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का असं करत कॅलिफोर्नियात उतरतो. कुठूनही सरकवून पाहा, याहून कमी दोऱ्यात काम भागत नाही. अंतर भरतं सुमारे १२,४०० किलोमीटर.

पण विमान या दोऱ्यावरून जात नाही. मोठी अडचण हिमालय आणि त्यामागचं तिबेटचं पठार. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला झटपट ३,००० मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटात तर जमीनच सरासरी ४,५०० मीटरवर! खाली यायचं कुठे?

त्यामुळे एअर इंडियाचं विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी दिशाच बदलली. विमान पूर्वेला, पॅसिफिकवरून निघालं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, आणि वेळ लागला साधारण साडेचौदा तास. चौदाशे किलोमीटर जास्त उडून जवळपास दोन तास आधी पोच! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आकडे पुन्हा तपासले होते.

साधा भागाकार करा. जमिनीवरून मोजला तर वेग येतो ताशी १,०५० किलोमीटर. विमानाचा हवेतला स्वतःचा वेग असतो ९००च्या आसपास. वरचा सगळा वेग वाऱ्यानं दिलेला. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा हा वाऱ्याचा पट्टा म्हणजे जेट स्ट्रीम. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला. जगाला कळावं म्हणून त्यानं अहवाल लिहिला तो एस्परांतो भाषेत, आणि जगानं फारसं लक्षच दिलं नाही. मला याची फार हळहळ वाटते.

पृथ्वी पूर्वेला फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली गाव आपोआप सरकत यायला नको का? नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडणाऱ्या माशीसारखं.

पूर्वेला जाण्यात आणखी एक नवल आहे. समजा, उन्हाळ्यात पहाटे चारला दिल्लीहून निघालात. थोड्याच वेळात खिडकीत सूर्य उगवतो. समोरून येणारा दिवस भराभर मागे पडतो, पॅसिफिकवर रात्र होते, खाली आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. साडेचौदा तासांनी सॅन फ्रान्सिस्कोत उतरता तेव्हा तिथल्या घड्याळात सकाळचे सहा वाजलेले असतात. तारीख तीच, निघाला होतात ती. खिडकीबाहेर पुन्हा उजाडत असतं.