जाळीखालचा नाद

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, ब्रॉडवेवर 45व्या आणि 46व्या रस्त्यांच्या दरम्यान, पादचाऱ्यांच्या जागेत भुयारी रेल्वेची हवा खेळती ठेवणारी लोखंडी जाळी आहे. तिच्यावर उभे राहिले की मोठी घंटा वाजून गेल्यावर मागे उरणाऱ्या घुमाऱ्यासारखा सलग नाद खालून येतो. जवळ पाटी नाही, कर्त्याचे नाव नाही. थोडे बाजूला सरले की नाद रहदारीत विरतो. मॅक्स न्यूहाउस या अमेरिकी संगीतकाराची ही 1977 सालची रचना. सभागृहाबाहेरचे संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मैदानातला मंच आणि ध्वनिवर्धक येतात. त्यात छप्पर तेवढे उडते. वाजवणारा समोर आणि ऐकणारा खुर्चीत, ही मांडणी तशीच राहते. न्यूहाउसने ती मांडणीच मोडली आणि माझ्या मते त्याचे मोठेपण तिथेच आहे.

तो मुळात तालवादक. साठच्या दशकात त्याचे नवसंगीताचे एकल कार्यक्रम गाजत होते. रस्त्यावरचे आवाज सभागृहात आणण्याच्या प्रयोगांत त्याला एक उणीव दिसली. श्रोते त्या धाडसाने चकित होत, पण बाहेर पडल्यावर तेच आवाज त्यांना पुन्हा गोंगाट वाटत. म्हणून 1966 मध्ये त्याने श्रोत्यांनाच बाहेर नेले. मॅनहॅटनमध्ये जमलेल्या मित्रांच्या हातांवर रबरी शिक्क्याने ‘ऐका’ एवढाच शब्द उमटवला आणि तो चालू लागला. वाटेत वीजकेंद्राची खोल घरघर होती, तीच मैफल. पुढच्या वर्षी बफेलोत त्याने एका रस्त्याच्या कडेने रेडिओ प्रक्षेपक लावले. गाडीच्या रेडिओवर काय ऐकू येईल, हे गाडीच्या दिशेवर आणि वेगावर ठरे. संगीतकार सूर काळात मांडतो. न्यूहाउस ते जागेत मांडू लागला, आणि केव्हा व किती वेळ ऐकायचे हे ऐकणाऱ्यावर सोपवले.

पण असंख्य लोक काही न ऐकताच त्या जाळीवरून जातात, मग या रचनेचा उपयोग काय? पाटी लावली असती तर लोक थांबले असते, पण ऐकण्याआधीच त्यांना उत्तर मिळाले असते. ज्याला नाद स्वतः सापडतो, तो आजूबाजूचे हॉर्न आणि पावलेही नव्याने ऐकू लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शहरात आधीच इतका कलकलाट असताना त्यात भर कशाला? आवाजाला सरसकट शत्रू ठरवणाऱ्या प्रचारावर न्यूहाउसने 1974 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये टीका केली होती. इथे मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. झोप मोडणारा आवाज कान बदलून गोड होत नाही. मात्र त्याची रचना कुणावर लादली जात नाही. जाळीखालची पोकळी ज्या सुरांना साथ देते, त्यांच्या आधाराने त्याने तो नाद घडवला, आणि तो इतका बेताचा ठेवला की ऐकायचे तर थांबावे लागते. 1992 मध्ये तो बंद झाला आणि 2002 मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला. न्यूहाउस 2009 मध्ये वारला. आता दिया आर्ट फाउंडेशन ती रचना सांभाळते, आणि नाद रात्रंदिवस चालू असतो.